शून्य कुठे धरायचं

कळसूबाई १६४६ मीटर. साल्हेर १५६७ मीटर. बेरीज ३२१३.

या ३२१३ ला जगात कुठे ठावठिकाणा नाही. साल्हेरवर कळसूबाई कुणी रचून ठेवत नाही. तरी मुलांच्या वह्यांत अशा बेरजा आढळतात आणि त्यांच्यापुढे लाल शाईची बरोबरची खूणही असते.

वजाबाकी करा. १६४६ − १५६७ = ७९. हे ७९ मीटर मात्र खरे. महाराष्ट्रातलं पहिल्या क्रमांकाचं शिखर दुसऱ्याहून एवढंच उंच आहे. पहिला आणि दुसरा यांच्यात बहुतेक वेळा एवढंच अंतर असतं. लोकांच्या तोंडी नाव मात्र पहिल्याचंच राहतं.

*

उंचीत उंची मिळवता येत नाही. उंचीत चढ मिळवता येतो.

पुणं सुमारे ५६० मीटरवर. त्यात ७५२ मिळवले की सिंहगडाचे १३१२ येतात. ५६० हा ठिकाणाचा आकडा, ७५२ हा चढण्याचा. दोन्ही मीटरमध्ये लिहितात, म्हणून दोन्ही एकाच जातीचे वाटतात. एक सांगतो, मी कुठे आहे. दुसरा सांगतो, मी काय केलं.

ठिकाण अधिक चाल, नवं ठिकाण. ठिकाण वजा ठिकाण, चाल. चाल अधिक चाल, चालच. ठिकाण अधिक ठिकाण, काही नाही.

डोंगर-दऱ्यांवरून पूर्णांकांची बेरीज-वजाबाकी शिकवायची असेल, तर शिकवणाऱ्याने एवढं आधी स्वतःशी पक्कं करून घ्यावं. मुलांपुढे म्हणायची गरज नाही. गणितं नीट घातली तर त्यांना ते न सांगता कळतं; वाईट घातली तर सांगूनही कळत नाही.

*

शाळेत संख्यारेषा आडवी का काढतात? फळा रुंद असतो म्हणून.

आडव्या रेषेवर डावीकडचं लहान आणि उजवीकडचं मोठं, हे पाठ करावं लागतं. डाव्या बाजूला हा कमीपणा कुणी दिला, असं कुणी मूल विचारत नाही. विचारायची सवय तोवर गेलेली असते.

रेषा उभी करा. मधे समुद्रसपाटी, वर घाटमाथा, खाली समुद्राचा तळ. आता पाठ करायला काही उरलं नाही. जे खाली, ते कमी.

*

‘मायनस मायनस प्लस.’

घोकून घोकून गुळगुळीत झालेलं हे वाक्य मुलं सापडेल तिथे लावतात. −३ − ४ मध्ये दोन मायनस दिसले, उत्तर ७. नियम बरोबर म्हटला, जागा चुकली.

एक पाणबुड्या समुद्रसपाटीखाली ३ मीटरवर आहे. तो आणखी ४ मीटर खाली गेला. आता तो पाण्याच्या वर ७ मीटर, हवेत, कसा काय? एवढं विचारलं की वर्ग हसतो. चूक दाखवायचा याहून सौम्य मार्ग मला माहीत नाही. हसणाऱ्यांत चुकणाराही असतो, हे या मार्गाचं विशेष.

*

तो नियम लागतो कुठे?

जेरुसलेम समुद्रसपाटीच्या वर सुमारे ७५० मीटर. मृत समुद्राचा काठ समुद्रसपाटीच्या खाली सुमारे ४३० मीटर. काठावरून शहरात यायचं तर चढ किती? ७५० − (−४३०) = ११८०.

इथे दोन मायनस शेजारी उभे आहेत, पण त्यांची कामं वेगळी. पहिला विचारतो, कुठून निघालात? दुसरा उत्तर देतो, शून्याच्या खालून. शून्यापर्यंत यायलाच ४३० मीटर चढावे लागतात आणि मग पुढचे ७५०. पायांनी दोन्ही चढ चढले की बेरीज होऊनच जाते. नियम नंतर आठवला तरी चालतो.

जेरुसलेम आणि मृत समुद्र यांच्यामधल्या महामार्गावर एके ठिकाणी ‘समुद्रसपाटी’ अशी पाटी लावलेली आहे. जवळपास समुद्र नाही, ओलावा नाही. उजाड टेकड्या आहेत आणि पर्यटकांच्या फोटोसाठी उभा केलेला उंट आहे. शून्य इतकं उघड्यावर क्वचित भेटतं. (तिकडे दक्षिणेला दिमोना गावात कोकणातून गेलेल्या बेने इस्रायली ज्यूंची मराठी बोलणारी घरं आहेत. मृत समुद्राकडे जाताना त्यांनाही हे शून्य ओलांडावं लागतं.)

*

मृत समुद्राची पातळी दरवर्षी साधारण एक मीटरने खाली जाते आहे. जॉर्डन नदीचं पाणी शेतीला आणि शहरांना वळवलं गेलं; काठावरचे कारखाने खनिजांसाठी उरलेलं पाणी उन्हात आटवतात. −४३०, −४३१, −४३२. आकडा फुगतो, पाणी घटतं.

मुलं सगळ्यांत जास्त इथे अडतात. ४३२ मोठे आणि −४३२ लहान, हे कसं? नदीला विचारावं. पाणी नेहमी मोठ्या संख्येकडून लहान संख्येकडे वाहतं. जॉर्डन गालिलच्या सरोवरातून बाहेर पडते तेव्हाच ती शून्याखाली सुमारे २१० मीटरवर असते. तिथून मृत समुद्रापर्यंतचा तिचा सगळा प्रवास ऋण संख्यांतून होतो. −२१० कडून −४३० कडे. तिला आजवर कुणी चढताना पाहिलेलं नाही.

*

ब्रह्मगुप्तांनी इ. स. ६२८ मध्ये धन, ऋण आणि शून्य यांच्या बेरीज-वजाबाकीचे नियम लिहून ठेवले. ते आजही तसेच्या तसे चालतात. वर्गात त्यांच्यासाठी उदाहरण सहसा कर्जाचं येतं.

कर्जाचं उदाहरण सोपं आहे, पण निष्पाप नाही. ज्या घराच्या दाराशी वसुलीवाला येऊन बसतो, त्या घरातल्या मुलाला ‘तुझ्याकडे उणे पाचशे रुपये आहेत’ हे नुसतं गणित वाटत नाही. शिवाय कर्ज वजा करायचं म्हणजे कुणीतरी ते माफ करायला हवं. मृत समुद्रावरून वर यायला कुणाच्या माफीची गरज पडत नाही.

समुद्राखालच्या जमिनीला खाली असण्याची लाज नसते.

*

चाळीसगावजवळच्या पाटणला ज्यांच्या घराण्याचा शिलालेख आहे, ते भास्कराचार्य. ‘लीलावती’ ११५० ची. तिच्यात एक त्रिकोण येतो : बाजू १० आणि १७, पाया ९. शिरोबिंदूतून लंब टाकला की पायाचे दोन तुकडे व्हायला हवेत. गणित करावं तर एक तुकडा येतो १५ आणि दुसरा −६.

नऊ लांबीच्या पायाचा पंधराचा तुकडा! भास्कराचार्य डगमगत नाहीत. ते सांगतात, ऋण म्हणजे उलट्या दिशेला. लंब पायाच्या बाहेर पडला आहे. १५ पुढे, ६ मागे, उरले ९.

याच भास्कराचार्यांनी ‘बीजगणिता’त माकडांचं उदाहरण घातलं. कळपाच्या पाचव्या हिश्शातून तीन वजा केले. जेवढे उरले त्यांच्या वर्गाएवढी माकडं गुहेत गेली आणि एक झाडावर दिसलं. तर कळप केवढा? उत्तरं दोन येतात, ५० आणि ५. पाचचा पाचवा हिस्सा एक. त्यातून तीन गेले की −२. वर्ग केला की ४, झाडावरचं १ धरून ५. गणित चोख जुळतं. तरी त्यांनी ५ हे उत्तर नाकारलं, कारण उणे दोन माकडं लोकांना पटणार नाहीत.

एकाच माणसाने −६ स्वीकारले आणि −२ बाहेर ठेवले. यात मला विसंगती दिसत नाही. पहिल्या ठिकाणी दिशा होती, दुसऱ्या ठिकाणी माकडं होती. जिथे मागे-पुढे, वर-खाली असं काही असतं, तिथे ऋण संख्येला उभं राहायला जागा मिळते. युरोपात १७५८ मध्येही फ्रान्सिस मासेरेससारखे गणिती ऋण संख्या हद्दपार करा म्हणून पुस्तकं लिहीत होते. त्यांनी गणित फार केलं, डोंगर थोडे चढले असावेत.

*

उंची समुद्रापासून मोजायची. कोणत्या समुद्रापासून? सकाळच्या की संध्याकाळच्या?

समुद्र एका जागी थांबत नाही, म्हणून त्याची सरासरी काढली. मुंबईच्या अपोलो बंदरावर एकोणिसाव्या शतकापासून भरती-ओहोटीच्या नोंदी ठेवल्या गेल्या. १९०९ मध्ये भारतीय सर्वेक्षण खात्याने देशभरच्या उंच्यांचं जाळं जुळवलं तेव्हा नऊ बंदरांवरची सरासरी पातळी शून्य धरली. त्यांत मुंबई होती, कारवार, कोची, मद्रास, विशाखापट्टणम होती. कराचीही होती.

पुढे फाळणी झाली. शून्याची झाली नाही.

शून्य निसर्गात सापडत नाही. कचेरीत बसून ठरवावं लागतं, आणि मग सगळ्यांनी ते मान्य करावं लागतं. नागपूरच्या शून्य मैलाच्या स्तंभापाशी जो उंचीचा आकडा आहे, तो १०२० फुटांहून थोडा अधिक आहे. नावात शून्य असून उपयोग नाही. कशाचं शून्य, ते विचारावं.

*

बांधकामाच्या जागी लेव्हल लावणारा माणूस समुद्राची वाट बघत नाही. कोपऱ्यातल्या दगडावर किंवा जोत्यावर खूण करतो, तिला बेंचमार्क म्हणतो आणि तिची पातळी १०० धरतो. १०० मीटर कशापासून? कशापासूनच नाही. पाया कितीही खोल गेला, टाकी कितीही खाली गेली, तरी आकडे ९७, ९४, ९१ असेच राहतात. ऋण चिन्ह येतच नाही.

याला मी भित्रेपणा म्हणणार नाही. दुपारच्या उन्हात, खड्ड्यातल्या माणसाला वरून ओरडून आकडा सांगताना ‘उणे’ हा शब्द वाऱ्यावर जाऊ शकतो. चिन्ह गळालं की भिंत तिरकी. म्हणून चिन्हाची गरजच काढून टाकली.

मुंबई महापालिकेनेही हेच केलं. शहराच्या पातळ्या ‘टाउन हॉल डेटम’वरून मोजतात. टाउन हॉल म्हणजे एशियाटिक सोसायटीची पायऱ्या-पायऱ्यांची इमारत. हे शून्य समुद्रसपाटीच्या पुष्कळ खाली धरलेलं आहे. त्यामुळे रस्त्याखालच्या, समुद्राखाली जाणाऱ्या गटारांच्या पातळ्याही धन येतात. पावसाळ्यात विहार तलाव ८०.१२ मीटरला भरून वाहू लागला अशी बातमी येते, ती या शून्यावरून. समुद्रावरून मोजला तर विहार एवढा वर नाही.

शून्य हलवलं की प्रत्येक ठिकाणाचा आकडा बदलतो. दोन ठिकाणांमधली वजाबाकी मात्र बदलत नाही. ७५० आणि −४३० मधलं अंतर ११८०. शून्य हजार मीटर खाली नेलं तर १७५० आणि ५७०. अंतर तेच ११८०. उंची ही बोलीची गोष्ट आहे. चढ पायांना कळतो.

*

गोंधळ एका शून्यात नसतो. दोन शून्यं एकाच वाक्यात आली की होतो.

दर पावसाळ्यात बातम्या येतात : समुद्रात साडेचार मीटर उंचीच्या लाटा उसळणार. साडेचार मीटर ही लाट नसते, भरतीची पातळी असते. आणि ती समुद्रसपाटीपासून मोजलेली नसते. नावाड्यांच्या तक्त्यांना वेगळं शून्य लागतं. त्यांना खडकावर आपटायचं नसतं, म्हणून ते शून्य ओहोटीच्या अगदी तळाला धरतात. मुंबईत ते सरासरी समुद्रपातळीच्या सुमारे अडीच मीटर खाली आहे. ४.५ − २.५ = २. म्हणजे उधाणाच्या त्या भरतीला पाणी सरासरीच्या साधारण दोन मीटर वर येतं.

दोन मीटर हे काही कमी नाहीत. नाल्यांची तोंडं तेवढ्यात पाण्याखाली जातात आणि त्याच वेळी मुसळधार कोसळला तर पावसाचं पाणी शहरातच तुंबतं. घाबरायला तेवढं कारण पुरेसं आहे. दुमजली लाटेची गरज नाही. पण एक वजाबाकी करण्यापेक्षा लाट उसळवणं बातमीला सोपं पडतं. कोळीवाड्यात विचारलं असतं तर उधाण कधी आणि भांगाची लहान भरती कधी हे तिथल्या म्हाताऱ्याने तिथीवरून सांगितलं असतं.

*

लाउफेनबुर्ग हे ऱ्हाईन नदीच्या दोन्ही काठांवरचं गाव. एक काठ जर्मनीत, दुसरा स्वित्झर्लंडमध्ये. दोन्ही देशांनी मिळून पूल बांधायला घेतला. आपापल्या काठावरून निघायचं आणि मधे भेटायचं.

जर्मनीची उंची ॲमस्टरडॅमच्या शून्यावरून. स्वित्झर्लंडला समुद्र नाही. त्यांचं शून्य मार्सेयच्या समुद्राचं, आणि ते जिनिव्हाच्या सरोवरातल्या एका दगडावर आणून ठेवलेलं. त्या दगडाची उंची ३७३.६ मीटर धरली आहे. या दोन शून्यांत २७ सेंटिमीटरचा फरक आहे. हा फरक अभियंत्यांना ठाऊक होता. त्यांनी तो हिशेबात धरला. चिन्ह उलटं धरलं.

२००३ मध्ये काम चालू असताना लक्षात आलं, दोन बाजूंत ५४ सेंटिमीटरचं अंतर पडतंय.

हे उदाहरण मी कुठल्याही पाठ्यपुस्तकात पहिल्या पानावर घालीन. २७ − २७ च्या ठिकाणी २७ + २७ झालं. फरक माहीतच नसता तर २७ चीच चूक झाली असती. माहीत होता, म्हणून ५४ ची झाली. आकडा चुकला तर चूक चुकीएवढीच राहते. चिन्ह चुकलं तर ती दुप्पट होते. आणि अशी चूक करायला मूर्ख असावं लागत नाही. दोन सुशिक्षित देश, उत्तम उपकरणं, आणि मधे एक आडवी रेघ, मिळवायची की वजा करायची एवढाच प्रश्न.

जर्मन बाजू खाली घेतली. पूल आता सरळ आहे.

सहावीतल्या मुलाला चिन्हासाठी अर्धा गुण कापणारे शिक्षक मला आता पूर्वीएवढे कठोर वाटत नाहीत. अर्धा कापतात, हेच आश्चर्य. तिथे दुप्पट कापायला हवेत.

*

लेव्हलच्या वहीत दोन रकाने असतात : चढ आणि उतार. एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत जमीन वर गेली तर चढात लिहायचं, खाली गेली तर उतारात. शेवटी चढांची बेरीज वजा उतारांची बेरीज करायची. ती शेवटची पातळी वजा पहिली पातळी एवढी यायलाच हवी. आली नाही तर वहीत कुठेतरी खोट आहे.

आणि फिरून निघाल्या जागी आलात तर ती शून्य यायला हवी. सहसा अगदी शून्य येत नाही. दोन-चार मिलिमीटर उरतात. त्या उरलेल्याला चूक म्हणतात आणि ती सगळ्या खुणांना थोडी थोडी वाटून देतात. कुणा एकावर टाकत नाहीत. बांधकाम खात्यात एवढा न्याय दुसरीकडे कुठे दिसत नाही.

*

पुण्यातली तरुण मंडळी रात्री कात्रजहून निघून टेकड्या तुडवत सिंहगडाला पोचतात. एक टेकडी चढायची, उतरायची, पुढची चढायची. सगळ्या चढ-उतारांची चिन्हांसकट बेरीज केली तर सुरुवात आणि शेवट यांच्यातला फरक येतो. तो एकूण चढाहून लहान असतो. गुडघे मात्र चिन्हं बघत नाहीत. ते चढही मोजतात, उतारही मोजतात आणि दोन्ही मिळवतात.

गणितात याला केवलमूल्यांची बेरीज म्हणतात. गुडघ्यांना ती मूळचीच येते.

घरून निघून घरी परतलेल्याची बेरीज शून्य. तेवढ्यावरून तो कुठे गेलाच नव्हता असं म्हणू नये.

*

विहिरीची खोली कुणी उणे सांगत नाही. सात परस म्हणजे सात परस. काठ हेच तिचं शून्य आणि दिशा एकच, मग चिन्ह कशाला?

पुण्यातली १२ मीटर खोल विहीर घ्या. ५६० − १२ = ५४८. मुंबईतल्या सर्वांत उंच इमारतीच्या गच्चीवर उभा राहिलेला माणूस या विहिरीच्या तळाहूनही खाली असतो. ही वजाबाकी पुणेकरांना एकदा शिकवली की विसरत नाहीत.

*

घाटमाथा आणि कोकण यांच्यातल्या तेवढ्याच फरकावर मुंबईला पाण्यावरची वीज मिळाली. लोणावळ्याच्या बाजूच्या तलावांतलं पाणी नळांतून घाटाखाली खोपोलीला सोडायचं, पाचशे मीटरहून जास्त पाडायचं आणि चाकं फिरवायची. टाटांनी हे १९१५ मध्ये सुरू केलं. खोपोलीच्या चाकाला लोणावळ्याची उंची ठाऊक नव्हती. त्याला फक्त वजाबाकी मिळाली. तेवढी पुरली.

*

शून्याखाली राहता येतं, पण फुकट नाही.

केरळात कुट्टनाडची भातशेती समुद्रसपाटीखाली होते. बांध घालायचे, पाणी उपसायचं, पेरायचं, बांध सांभाळायचे. नेदरलँड्समध्ये स्किफोल विमानतळाच्या धावपट्ट्या समुद्राच्या सुमारे ३ मीटर खाली आहेत. देशातली सर्वांत खालची जमीन −६.७६ मीटर. ॲमस्टरडॅमच्या नगरभवनात त्यांनी आपलं शून्य पितळेच्या बोंडात बसवून लोकांना बघायला ठेवलं आहे. तिथे ऋण चिन्ह म्हणजे पंपांचा रोजचा खर्च.

बैकल सरोवराला असा खर्च नाही. पृष्ठभाग ४५६ मीटरवर, खोली १६४२. तळ ४५६ − १६४२ = −११८६. वरचं पाणी धन, खालचं ऋण. मधे कुठेतरी शून्य आहे आणि मासे त्यातून येत-जात असतात.

*

इसवी सनाला शून्य नाही. इ. स. पूर्व १ नंतर एकदम इ. स. १. म्हणून इ. स. पूर्व १० पासून इ. स. १० पर्यंत वीस वर्षं होत नाहीत, एकोणीस होतात. इतिहासाची गणितं पूर्णांकांच्या धड्यात घालणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, नाहीतर घालू नयेत. उंचीला शून्य आहे. शिकायला ती बरी.

*

शिक्षकांना आणि पालकांना एवढंच सांगणं आहे. एव्हरेस्ट आणि मारियाना गर्तेची गणितं मुलांना द्याच, त्यांना मोठे आकडे आवडतात. पण एखादं गणित त्यांच्या पायाखालचंही असू द्या. रेल्वेच्या बहुतेक स्थानकांवर पिवळ्या पाटीच्या कोपऱ्यात समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. नेरळ सुमारे ४०, माथेरान सुमारे ८००. छोट्या गाडीने चढताना मुलाला वजाबाकी करायला सांगा, आणि येताना पुन्हा सांगा. येताना उत्तर −७६० च्या आसपास येईल. मूल म्हणेल, चुकलं, उलटं करतो. करू देऊ नका. कुठून निघालो आणि कुठे पोचलो, एवढं विचारा. आणि ते खिडकीतून दरी बघत असेल तर आधी दरी बघू द्या. नेरळची पाटी कुठे जात नाही.